पालखी दारात आली तेव्हा घर उघडं असावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिमगा जवळ आला की सगळ्या पेपरांत कोकणातल्या पालख्यांचे फोटो येतात, रेल्वेच्या गर्दीचे फोटो येतात, चाकरमानी निघाले गावाला अशा बातम्या येतात आणि आठ दिवसांनी सगळं शांत होतं. त्या आठ दिवसांनंतर गावात काय उरतं ते फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहायला बसलेय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, तरी जमेल तेवढं छापा ही विनंती.

मी ६१ वर्षांची, मुलुंडला राहते, नोकरीतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. सासर संगमेश्वर तालुक्यातलं, देवरुखच्याही पलीकडे सह्याद्रीच्या चढावर एक वाडी आहे तिथलं. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा वाड्या संगमेश्वर, लांजा, राजापूर, चिपळूण कुठेही वर घाटाकडे गेलात की भेटतील आणि त्यांची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच आहे. १९८६ ला मी लग्न होऊन आले तेव्हा वाडीत ४२ चुली होत्या. सासरे लालबागला गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणी काही परत धड चालू झालीच नाही, म्हणून ते गावाला परत आलेले. त्यांच्याबरोबर वाडीतले आणखी सातआठ जण. म्हणजे मी आले तेव्हा वाडी उलट भरलेली होती, पण पैसा नव्हता, मनिऑर्डरी बंद झालेल्या. मग त्याच घरांतली पोरं दहावी झाली की एकेक करून परत मुंबईला, नाहीतर पुण्याला, आता तर मस्कत दुबईला, आणि ह्या वेळी कुणी बायकामुलांना गावी ठेवून गेलं नाही, सगळं बिऱ्हाडच गेलं. हा फरक मोठा आहे. सासऱ्यांच्या पिढीत पुरुष मुंबईत गावकीच्या खोलीत दाटीवाटीनं राहायचे पण घर गावाला असायचं, चूल गावाला पेटायची. आमच्या पिढीत चूल उचलून मुंबईला नेली.

हे फक्त आमच्या वाडीचं रडगाणं नाही. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली आणि रत्नागिरी जिल्ह्याची कमी झाली, १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. सिंधुदुर्गाचीही घटली. उत्तराखंडातल्या ओस गावांबद्दल आपण खूप ऐकतो, तिथले पौडी आणि अल्मोडा हे दोन जिल्हे त्याच दहा वर्षांत एक-दीड टक्क्यांनी घटले आणि केवढी ओरड झाली, सरकारनं २०१७ मध्ये पलायन आयोग नेमला, गावागावांत जाऊन मोजलं, २०१८ च्या अहवालात सांगितलं की २०११ नंतर ७३४ गावं रिकामी झाली. आपली रत्नागिरी जवळपास पाच टक्क्यांनी घटली. पाच! आणि आपल्याकडे त्यावर चर्चा काय तर आंबा किती आला आणि हायवे कधी पूर्ण होणार.

आता बंद घर म्हणजे काय ते सांगते, कारण मुंबईत फ्लॅटला कुलूप लावून जाणं आणि कोकणात घराला कुलूप लावून जाणं ह्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पावसाआधी दरवर्षी कौलं उतरवून साफ करून परत लावायची असतात, त्याला शाकारणी म्हणतात. एक वर्ष शाकारणी चुकली की माकडं उड्या मारतात त्यानं दोनचार कौलं सरकतात, सरकलेल्या कौलातून पाणी मातीच्या भिंतीवर येतं, भिंत फुगते, वाशाला वाळवी लागते. दुसऱ्या पावसात कोपरा खचतो. तिसऱ्या नाहीतर चौथ्या पावसात घर बसतं. बसतं हाच शब्द आहे आमच्याकडे, म्हातारं माणूस बसतं तसं. आत देव्हारा, जातं, बाळंतिणीची खाट सगळं तसंच असतं आणि वर घाणेरी आणि रान वाढतं. आमच्या शेजारच्या जाऊबाईंचं घर असं बसलं तेव्हा त्या नालासोपाऱ्याला होत्या, व्हॉट्सअॅपवर फोटो आला, फोन करून फक्त एवढंच म्हणाल्या, "आत माझी आईनं दिलेली पाटी होती गो."

२०१९ चा शिमगा मी कधी विसरणार नाही. आमचे तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीचे. होम झाला, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर बसली, मग घरं घ्यायला निघाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पालखी म्हणजे ग्रामदेवता वर्षातून एकदा स्वतः आपल्या दारात येते, एरवी आपण तिच्या देवळात जातो. त्यासाठी अंगण सारवायचं, रांगोळी काढायची, उंबऱ्यात दिवा, खणानारळाची ओटी, मग गुरव गाऱ्हाणं घालतो, घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन. त्या वर्षी वाडीत चुली पेटत होत्या ९. मुंबईहून आलेल्यांनी उघडलेली घरं धरून १८. पालखी वरच्या आळीला गेली आणि ओळीनं ११ घरं बंद. प्रथा अशी की पालखी घर चुकवत नाही. म्हणून ढोल थांबवून पालखी प्रत्येक बंद दारासमोर उभी राहिली, उंबऱ्यावर वाळलेला पालापाचोळा, कुलपाला गंज, आणि आमचे गुरवकाका त्या कुलपाला बघून गाऱ्हाणं घालतायत, "ह्या घरचं लेकरू जिथं असंल तिथं त्येची राखन कर म्हाराजा," आणि मागून आम्ही वीसेक माणसं "व्हय म्हाराजा." असं ११ वेळा. सातव्या की आठव्या घराला काकांचा आवाजच फुटेना. त्यांनी नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ मयतं पाहिली पण अशी शांतता नाही पाहिली.

मग आला कोरोना. मे २०२० मध्ये मुंबईहून आलेल्यांना गावातल्या बंद पडलेल्या मराठी शाळेत १४ दिवस ठेवलं होतं, आम्हीपण होतो. त्या शाळेचा पट तीनवर आला होता म्हणून ती बंद झालेली, पोरं खालच्या गावात चालत जायची. तर त्या शाळेच्या वर्गात, भिंतीवरच्या पाढ्यांखाली चटया टाकून आम्ही १९ जण, वय ६ ते ७४. रात्री लाइट जायची. आमच्यात एक मृदुंगवाले मामा होते, ७४ वर्षांचे तेच, एके काळी त्यांच्या नमनाला, म्हणजे शिमग्यातल्या रात्रभरच्या नाचगाण्याच्या खेळाला, पंचक्रोशी लोटायची. त्यांना पोरांनी विचारलं मामा नमन म्हणजे काय ओ. पोरं आमचीच, पण त्यांनी नमन बघितलं होतं ते मोबाइलवर. मामांनी बाकावर हातानं बोल वाजवून गण म्हणून दाखवला, मग गवळण, मग पेंद्या कसा बोलतो, मावशी कशी ठसक्यात येते, संकासुर कसा येतो, काळे कपडे उंच टोपी कमरेला घुंगरं. १४ दिवस रोज रात्री हेच. मला वाटतं आमच्या वाडीचं जे काही पुढे झालं त्याची सुरुवात तिथे झाली, कुणी मीटिंग घेऊन ठरवलं नव्हतं.

ठरवलं ते नंतर, २०२२ च्या शिमग्याआधी. वाडीच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची मीटिंग होती. दरवर्षीप्रमाणे विषय, टीशर्ट कुठल्या रंगाचे, पालखीपुढे डीजे लावायचा का, आणि परळच्या दामोदर हॉलला नमनाचा प्रयोग लावायचा का. दामोदरला नमन, जाखडी नाच बघायला गिरणगावातली माणसं जीव टाकायची, मीपण बघितलंय, त्याबद्दल वाईट बोलायचं नाहीये. पण त्या मीटिंगमध्ये आमच्या एका पुतण्यानं, रिक्षा चालवतो तो, उभं राहून विचारलं की नमन गावात करायला माणसं नाहीत आणि हॉलला करायला कशी काय मिळतात? सगळे गप्प. मग गुरवकाकांचा २०१९ चा विषय निघाला, त्या ११ घरांतल्या चार घरांची माणसं तिथे बसली होती आणि त्यांना हे माहीतच नव्हतं की त्यांच्या कुलपासमोर गाऱ्हाणं झालं. एक भाऊजी तर उठून बाहेरच गेले.

त्या दिवशी एकच ठराव झाला. पालखी दारात येईल तेव्हा घर उघडं पाहिजे, अंगण सारवलेलं पाहिजे आणि दिवा लागलेला पाहिजे. स्वतः येऊ शकत नसाल तर चावी वाडीत कुणाकडे तरी द्या, पण दार उघडं पाहिजे. दंड नाही, वाळीत टाकणं वगैरे असलं काही नाही, फक्त एवढंच. डीजे रद्द. टीशर्ट रद्द. घरटी वर्षाला १२०० रुपये वर्गणी आहे, त्या वर्षीच्या पैशाची कौलं आणि रिपा घेतल्या.

वाचणाऱ्याला हे साधं वाटेल, पण ह्याचा परिणाम बघा कसा होत गेला. दार उघडायचं तर आधी दार असायला हवं. चावी द्यायची तर ती सापडायला हवी, मग भावाभावांत वर्षानुवर्षं बंद असलेले फोन सुरू झाले, चावी तुझ्याकडे आहे का माझ्याकडे. दार उघडलं तर आत वाळवी दिसली, मग वासा बदलला. वासा बदलला तर म्हणे आता शाकारणी करूनच टाकू. शाकारणीला माणसं पाहिजेत, वाडीत तरणी माणसं नाहीत, मग मे महिन्यातले दोन शनिवार-रविवार ठरवून मुंबईहून आले, एका दिवशी पाच पाच घरं शाकारली, पूर्वी जशी आळीपाळीनं करायचे तशी, ज्याचं घर त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं, काळ्या वाटाण्याची आमटी आणि भात. आयटीमध्ये काम करणारी पोरं कौलावर चढली, खाली म्हाताऱ्या ओरडतायत "सांबाळून रं." १४ घरं उघडी झाली त्या पहिल्या वर्षी.

आणि पालखी उचलायला माणसं? तो प्रश्न होताच. आमची चढाची वाडी, खालच्या आळीतून वरच्या आळीला पाखाडीनं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनं न्यायची म्हणजे खांदेकरी सारखे बदलावे लागतात, आणि २०२२ ला खांद्याला येणारे धडधाकट पुरुष मोजून १३. वर जाताना दमले, एकजण घसरला. मागे आम्ही बायका होतो ३०-३५. आमच्या जिल्ह्यात तसंही बायकाच जास्त, २०११ च्या मोजणीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण उघड आहे. वाडीतली एक काकी, जिनं नवरा मुंबईला असताना एकटीनं ४० वर्षं नांगर सोडून शेतीचं सगळं केलं, ती म्हणाली आमी धरतो. त्यावर कुरबुर झाली, मानकऱ्यांतल्या दोघांना पटलं नाही, मी त्यांना दोष देत नाही, त्यांनी जन्मभर वेगळं पाहिलेलं. शेवटी गुरवकाकांनी तिथंच देवीला कौल लावला, म्हणजे तिलाच विचारलं. उजवा कौल मिळाला, म्हणजे तिचा होकार. मग काकीनं पदर खोचला आणि पहिला खांदा तिनं दिला, चौथा मी. पालखी खांद्यावर आल्यावर दांडा कानाजवळ करकरतो, आणि वजन असं येतं की पहिल्या पावलाला गुडघाच मुडपतो, मग पुढचीच्या पावलाशी आपलं पाऊल जुळलं की हलकं होतं. ३६ वर्षं ओटी भरत आले होते मी त्या देवीची, तिचं वजन त्या दिवशी कळलं.

मृदुंगवाल्या मामांनी त्याच मे महिन्यात शाळेत पोरांना शिकवायला घेतलं. ११ पोरं, त्यात दोन मुली. शाळेची खोली वापरायला मिळावी म्हणून आम्ही आठ महिने एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, कुठल्या ते सांगत नाही, अर्ज द्या, ठराव द्या, पुढच्या आठवड्यात या. खोली धूळ खात पडली होती, पावसात छप्पर गळत होतं, आणि ती वापरायला द्यायला आठ महिने! शेवटी मिळाली आणि सोबत बजावलं की काही मोडतोड झाली तर जबाबदारी तुमची. आम्ही छपराचे पत्रे स्वतःच्या खर्चानं बदलून दिले. असो. मामा संध्याकाळी यायचे, आधी कणीक भिजवायचे, तिचा गोळा मृदुंगाच्या डाव्या पुडीला लावायचे, बोटानं दाबत दाबत, मध्ये मध्ये थाप मारून ऐकायचे, मग पोरांना म्हणायचे आता तुमी लावा. पोरांना घाई बोल शिकायची आणि मामा तीन दिवस नुसती कणीकच लावायला लावतायत. म्हणायचे आवाज हितनं येतो, हातातनं नाय. त्या दोन मुलींमधली एक आता बारावीला आहे, गेल्या वर्षीच्या नमनाला अख्खी रात्र तिनं मृदुंग वाजवला. मामा समोर घोंगडीवर बसून होते, आता त्यांचे हात थरथरतात, ते फक्त मान हलवत होते.

नमन का महत्त्वाचं हे मला सांगायचंय. कारण नमन एकट्यादुकट्याला करता येत नाही. मृदुंगाला दोघं, टाळाला चारपाच, गाणारे, राधा, गवळणी, मावशी, पेंद्या, कृष्ण, संकासुर, वगातला राजा आणि प्रधान, पडदा धरणारे, रंग लावणारे, चहा करणारी, कमीत कमी २५ माणसं पाहिजेत आणि ती महिना दीड महिना तालमीला एकत्र यायला पाहिजेत. मुंबईतले शनिवार-रविवार करून येतात, पण बाकीचे दिवस तालीम चालू ठेवायला वाडीतच माणसं लागतात. म्हणजे नमन करायचं ठरवलं की आपोआप माणसं जास्त दिवस राहायला लागतात. आमच्याकडे दोन रिटायर जोडपी अशीच राहिली, तालमीपुरती आली आणि मग गेलीच नाहीत. एकाची कंपनी बंद झाली होती, तो बायको आणि दोन लहान पोरं घेऊन आला, आता कोंबड्या पाळतो आणि पडीक वरकस जमिनीत नाचणी, वरी घेतो. एक जाऊबाई कोकमाचं आगळ आणि फणसपोळी करून मंडळाच्याच माणसांना मुंबईत विकतात. पूर्वी ९ चुली होत्या, आज बारमाही १५ आहेत. फार मोठा आकडा नाही मला मान्य आहे. पण १९८६ पासून तो आकडा फक्त खाली जाताना बघितलाय, वर जाताना पहिल्यांदाच बघतेय.

आम्हाला पुष्कळजण सल्ला देतात की होमस्टे करा, टुरिझम करा, गाव आपोआप जिवंत होईल. भिलारचं उदाहरण देतात. महाबळेश्वर पाचगणीजवळचं भिलार, पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं, मी जाऊन आलेय, सुंदर आहे, २५ ठिकाणी मिळून सुरुवातीला १५ हजार पुस्तकं ठेवली आणि ती ठेवली कुठे तर लोकांच्या राहत्या घरांत, देवळात, शाळेत. एका ओटीवर मी दोन तास वाचत बसले होते आणि घरातल्या वहिनींनी न विचारता पाणी आणून दिलं. पण भिलारला स्ट्रॉबेरी आहे, पर्यटकांचा रस्ता दारातून जातो, गाव मुळात भरलेलं होतं, भरलेल्या घरात पुस्तकं आली. आमच्यासारख्या रिकाम्या वाडीत आधी माणूस यायला पाहिजे आणि ते त्याच्या स्वतःच्या कारणासाठी यायला पाहिजे. पाहुणे आले तर चांगलंच आहे, गेल्या शिमग्याला कोल्हापूरकडचे चौघं आले होते, नमन बघितलं, आमच्याबरोबर जेवले. पण नमन त्यांच्यासाठी लावलं नव्हतं, देवीसमोर लावलं होतं, ते येऊन बसले. हे उलटं झालं की दीड तासाचं नमन, मग पाऊण तासाचं, मग स्टेजवर फक्त संकासुराचा नाच आणि फोटो. तसं मला नकोय. आणि गाव सुधारतो म्हणून जमिनी विकत घ्यायला फिरणारे जे दलाल आहेत त्यांच्यापासून तर देवीनंच वाचवावं, आमच्या वरच्या सड्याला दोनदा येऊन गेले, एकेका सातबाऱ्यावर ४०-५० नावं आहेत म्हणून अजून जमीन वाचलीय.

तो सामायिक सातबारा मात्र दुधारी आहे हेही सांगायला हवं. त्याच्यामुळे जमीन विकली जात नाही आणि त्याच्याचमुळे जो परत येतो त्याला कर्ज मिळत नाही, विहीर पाडता येत नाही, घर नव्यानं बांधता येत नाही, प्रत्येक गोष्टीला सगळ्यांच्या सह्या. वाटण्या करून घेण्यासाठी सरकारनं वाडीत येऊन शिबिरं घ्यावीत, आणि घ्यायची तर गणपतीत नाहीतर शिमग्यात घ्यावीत, कारण त्याच वेळी सगळे हिस्सेदार एका जागी सापडतात. जूनमध्ये घेऊन काय उपयोग? आणि माकडं, डुकरं. नाचणी लावणारा आमचा तो पोरगा रात्ररात्र पत्र्याचा डबा वाजवत बसतो. ह्यावर मी बोलत बसले तर दुसरं पत्र होईल.

गाडीचं एक आहे. पूर्वी संध्याकाळी मुक्कामाची गाडी यायची, ड्रायव्हर कंडक्टर वाडीत झोपायचे, सकाळी साडेसहाला गाडी निघायची. कॉलेजची पोरं, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं, बाजार करणारे सगळे तिच्यावर. ती बंद झाली आणि त्यानंतर दोन वर्षांत पाच घरं बंद झाली, हे मी वाडीच्या वहीवरून सांगतेय, गुरवकाका वहीत लिहून ठेवतात कुठल्या वर्षी कुठलं घर बंद झालं. पाच माणसं गाडीत बसतात म्हणून गाडी परवडत नाही म्हणतात. मला कळतं, डिझेलला पैसे लागतात. पण आठवड्यातून तीन दिवस तरी सोडा, सोमवार बुधवार शनिवार, आम्ही त्याप्रमाणे कामं लावून घेऊ.

शाळेच्या बाबतीत माझं मागणं स्पष्ट आहे. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायची योजना २०२३ मध्ये पुढे आली, त्यावर खूप वाद झाला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, पण आमच्याकडचं एक किलोमीटर म्हणजे जुलैमध्ये दोन पऱ्हे म्हणजे ओढे आणि एक साकव म्हणजे छोटा पूल, सहा वर्षांच्या पोराला. शाळा चालू ठेवा हेच माझं पहिलं म्हणणं. आमच्या वाडीत आता सहा ते दहा वयाची सात पोरं आहेत, पूर्वी तीन होती म्हणून शाळा बंद केलीत तर आता सात आहेत म्हणून उघडा. आणि जिथे खरंच पोरं नाहीत तिथली इमारत कुलूप लावून सडवू नका, साध्या एका पानाच्या करारावर ग्रामस्थांना तालमीला, वाचनालयाला, म्हाताऱ्यांना दुपारी बसायला द्या. छप्पर आम्ही सांभाळतो. वाडीत चार भिंती आणि एक मोठी खोली, जिच्यात कुणाची मालकी नाही आणि जिथे दोन्ही आळ्यांची माणसं मान-अपमान न काढता बसू शकतात, ही केवढी गोष्ट आहे ते ज्यांनी वाडीतली भांडणं पाहिलीत त्यांना कळेल.

एक गोष्ट मनाला टोचते ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये गावावर डोंगर आला, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर आला. आमची वाडीपण डोंगराच्या पोटात आहे. तेव्हा माणसं परत बोलावताना माझ्या मनात भीती असते, खोटं कशाला बोलू. प्रत्येक वाडी जिथे आहे तिथेच राहिली पाहिजे असा माझा हट्ट नाही. तज्ज्ञांनी येऊन डोंगर बघावा, सांगावं, आणि जी वाडी हलवावी लागेल ती सगळीच्या सगळी एकत्र हलवावी, सहाणेसकट, शेजार मोडू नये, दहा घरं इकडे आणि पाच तिकडे असं करू नये. आमच्या वाडीचं बघून जा म्हणून तीन अर्ज दिलेत, अजून वाट बघतोय.

जनगणना आता २०२७ ला आहे, १ मार्च ही तारीख ठरलीय. म्हणजे शिमग्याच्या आधीच. त्या वेळी वाडीत मोजायला १५ चुलींची माणसं सापडतील आणि सरकारच्या कागदावर आम्ही तेवढेच असू. माझी विनंती आहे की निदान सह्याद्रीच्या चढावरच्या वाड्यांची वेगळी मोजणी व्हावी, वाडीवार, किती घरं, किती उघडी, किती बसली, कुठली शाळा कधी बंद झाली, गाडी कधी बंद झाली. उत्तराखंडाला जमलं तर आपल्याला का जमू नये. आणि मुंबई, ठाणे, पुण्यात जी हजारो ग्रामस्थ मंडळं आहेत त्यांनी सरकारची वाट न बघता एक वही घालावी. आमच्या गुरवकाकांची वही ४० पानी आहे, फार काही लागत नाही.

ह्या वर्षीचा हिशोब सांगून थांबते. ४२ पैकी ७ घरं बसली ती बसलीच, त्यांच्या चौथऱ्यावर आम्ही दिवा लावतो आणि पालखी तिथेही थांबते. उरलेल्या ३५ पैकी २७ घरांनी कळवलंय की दार उघडं असेल. ८ बाकी होती. परवा मुलुंडच्या पत्त्यावर माझ्या नावानं कुरियर आलं, पुण्याहून, आत गंजलेली मोठी चावी आणि चिठ्ठी. २०१९ च्या त्या ओळीतलंच घर, गुरवकाका जिथे थांबले होते ते. चिठ्ठीत लिहिलंय की आईच्या पायाचं ऑपरेशन झालंय त्यामुळे येता येणार नाही, पण तिला पालखी व्हिडिओ कॉलवर दारातून बघायचीय, तेवढं दार उघडा, अंगण कुणाकडून तरी सारवून घ्या, आणि कुलूप फिरलं नाही तर तोडा, नवीन लावू.

आता ७ बाकी.

आपली,
एक वाचक
मुलुंड, मुंबई